भाड्याच्या घरात आंघोळीचं पाणी कशावर तापवावं? ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

नाशिक, पुणे, नागपूरकडून इकडे नोकरीला आलेली मंडळी डिसेंबर जवळ आला की हमखास विचारतात, "इथे रूम हीटर घ्यावा लागतो का?" नाही लागत. ठाण्यात जानेवारीतल्या पहाटे पारा कधीमधी पंधरा-सोळापर्यंत उतरतो, पण घराच्या आत एक गोधडी पुरते. इथे तापवावं लागतं ते पाणी. भाड्याच्या घरात, अकरा महिन्यांच्या करारावर, दुसऱ्याच्या भिंतीला भोक न पाडता ते कशावर तापवायचं, हा खरा प्रश्न आहे.

वाईला आमच्या घरी तांब्याचा बंब होता. शेतातल्या काटक्या, गोवऱ्या, जे हाताला लागेल ते त्यात जायचं आणि पाण्याला पैसे पडतात हे डोक्यातही यायचं नाही. इथे आल्यावर वीजबिलाने ते शिकवलं. गेल्या वीस वर्षांत कोपरखैरणे, कळवा आणि आता पाचपाखाडी अशी तीन भाड्याची घरं झाली. रॉड, पातेलं, इन्स्टंट गीझर, साठवणीचा गीझर, गॅस गीझर हे सगळं वापरून झालं. त्यातून कळलेलं इथे क्रमाने सांगतो.

आधी बिल वाचा, खरेदी नंतर

घर घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात लोक गीझर आणतात. माझं कळकळीचं सांगणं, पहिला महिना थांबा. मालकाने जे बसवून दिलंय त्यावर काढा, काहीच नसेल तर पातेल्यावर काढा, आणि पहिलं पूर्ण बिल हातात येऊ द्या.

ठाणे आणि नवी मुंबईला वीज महावितरणची. कळवा-मुंब्रा-शिळ भागात बिल टोरंटचं येतं, पण दर महावितरणचेच. बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे टप्पे : महिन्याला १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ सालचे दर घ्या. पहिल्या टप्प्याला वीज आणि वहन आकार मिळून युनिटला ५.८८ रुपये, दुसऱ्याला ११.४६, तिसऱ्याला १५.७२. वीज शुल्क धरलं की हे साधारण ६.८०, १३.३० आणि १८.२५ होतात. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचे घ्या. उडी मात्र अशीच असते : शंभराव्या युनिटनंतर भाव जवळजवळ दुप्पट.

गीझरची वीज ही तुमच्या घरातली *वरची* वीज आहे. फ्रिज, पंखे, दिवे तर चालणारच. गीझर त्यांच्यावर चढतो. म्हणून गीझरच्या युनिटला सरासरी दर लावू नका, ज्या टप्प्यात तुमचं शेवटचं युनिट पडतं त्याचा दर लावा. दोघांचं घर गीझर नसताना ७० युनिटवर असेल तर त्यांचं गरम पाणी स्वस्त आहे. चौघांचं घर आधीच १५० वर असेल तर तेच पाणी, त्याच गीझरमधून, दुप्पट महाग आहे. शेजाऱ्यांनी "आम्हाला काही बिल येत नाही हो" असं सांगितलं तर ते खरंच असतं, पण ते त्यांच्या टप्प्याचं खरं असतं.

पीजीत किंवा सबमीटर असलेल्या खोलीत राहत असाल तर मालक बहुतेक युनिटला एकच ठरावीक दर लावतो. मग टप्प्यांचा विचार सोडा, तो एक दर घ्या आणि पुढचा हिशेब त्यावर करा.

एका बादलीचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. हे दोन आकडे लक्षात ठेवले की दुकानदार तुम्हाला फसवू शकत नाही.

थंडीत नळाचं पाणी २४ अंश धरू. आंघोळीला ४० अंश पुष्कळ झालं. बादली २० लिटरची. म्हणजे २० गुणिले १६, एका बादलीला ३२० किलोकॅलरी. विजेवर ते ०.३७ युनिट. भांडं, पाइप, हवा यांत जाणारं धरून ०.४ म्हणा. पहिल्या टप्प्यात एका बादलीला पावणेतीन रुपये, दुसऱ्या टप्प्यात सव्वापाच.

आता गॅस. पाइपच्या गॅसच्या एका घनमीटरमधून सुमारे ८,५०० किलोकॅलरी मिळतात. घनमीटरला ५० रुपये धरले आणि गॅस गीझरने त्यातले ८० टक्के पाण्यात उतरवले, तर बादली सव्वादोन-अडीच रुपयांना पडते. शेगडीवर पातेल्यात तापवलं तर ज्योतीची बरीच उष्णता कडेने निघून जाते, निम्म्याहून थोडी जास्त पाण्यात जाते, आणि बादली साडेतीनच्या आसपास जाते. सिलिंडरचा हिशेबही जवळजवळ तेवढाच येतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत ८५२.५० रुपयांना झाला, म्हणजे किलोला ६० रुपये.

आकडे शेजारी ठेवून बघा. शंभर युनिटच्या आत राहणाऱ्याला गीझर शेगडीपेक्षा स्वस्त आहे. "गॅस नेहमी स्वस्त" हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की एकटी राहणारी मुलं-मुली सकाळी उकळतं पातेलं स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत धरून नेतात, चार आणे वाचवायला. ते वाचतही नाहीत. त्यात पाच किलोचा छोटा सिलिंडर असेल तर तो बहुतेक घरगुती दराने नव्हे, बाजारभावाने मिळतो. त्यावर आंघोळीचं पाणी तापवणं आणखी महाग.

आणखी एक समजूत दूर करतो. अर्धी बादली कडकडीत तापवून त्यात थंड मिसळलं की वीज वाचते, असं घराघरात सांगतात. उष्णता तेवढीच लागते. उलट जास्त तापलेलं पाणी वाटेत जास्त निवतं. वाचवायचं असेल तर बादली लहान घ्या. माझ्या आईने पाचपाखाडीला आल्यावर पहिलं काम हेच केलं, २० लिटरची बादली बाल्कनीत ठेवली आणि १३ लिटरची आणली. तिसरा हिस्सा खर्च तिथेच वाचला.

भिंत तपासा

कळव्याच्या घरात मालकाने गीझर दिला होता, वर लिहिलेलं २००० वॉट. त्याची जाड पिन साध्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून कुणीतरी मधे कन्व्हर्टर घातला होता. आठव्या-नवव्या दिवशी आंघोळ करताना जळक्या बॅकेलाइटचा वास आला. बाहेर येऊन बघतो तो सॉकेट तपकिरी पडलेलं, पिन आत चिकटलेली. मेन बंद केला म्हणून निभावलं.

२००० वॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा इन्स्टंट १३. साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. दीड हजार वॉटचा रॉडही साडेसहा ओढतो, म्हणजे तोसुद्धा साध्या पॉइंटवर नको. घर बघायला जाल तेव्हाच बाथरूमजवळ १६ अँपिअरचा मोठा पॉइंट आहे का, त्याचा स्विच बाथरूमच्या बाहेर आहे का, हे पाहा. मेन बोर्डावर टेस्ट लिहिलेलं बटण असलेला ईएलसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर ते बटण दाबून बघा, स्विच लगेच पडायला हवा. अर्थिंग चालू आहे की नाही हे वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. नौपाडा, चरईतल्या जुन्या इमारतींत आणि सिडकोच्या जुन्या घरांत मोठ्या पॉइंटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्याच्या मागे तारच नसते, असं मी स्वतः दोनदा पाहिलंय.

पॉइंट नसेल तर तो मालकाने करून द्यायचा की तुम्ही, हे टोकन देण्याआधी बोला. करारावर सह्या झाल्या की हे बोलणं अवघड होतं.

नळाचा जोरही तिथेच बघा. अगदी वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली घर असेल तर पाण्याला जोर नसतो. गॅस गीझर पाण्याच्या जोरावरच पेटतो, तिथे तो नुसता टिकटिक करत राहतो. साठवणीचा गीझर कमी जोरातही चालतो.

आता निवड

*एकटे, वर्ष-दीड वर्षासाठी आलेले.* रॉड सगळ्यांत स्वस्त वस्तू. हजाराच्या आत मिळते, घर सोडताना पिशवीत जाते, आणि उष्णता जवळजवळ सगळी पाण्यातच जाते. पण मी तो सुचवताना कचरतो. कोपरखैरण्याला चौघांत एक खोली होती, लाकडी पट्टीवर टांगलेला एकच रॉड. एका सकाळी पाणी तापलं का बघायला मी बोट बुडवलं आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली. सॉकेटला अर्थिंग नव्हतं. तेव्हा वय होतं म्हणून हसण्यावारी नेलं, आता आठवलं की पोटात गोळा येतो. रॉड घ्यायचाच तर आयएसआय खुणेचा घ्या. प्लास्टिकची बादली, बाथरूमच्या बाहेर, लहान मूल घरात नाही. आधी रॉड खुणेपर्यंत पाण्यात, मग बटण चालू. तापल्यावर बटण बंद, पिन बाहेर, मग रॉड बाहेर, आणि हात त्यानंतर. हा क्रम एकाही सकाळी चुकवायचा नाही. तेवढी खात्री नसेल तर तीन लिटरचा इन्स्टंट गीझर बसवा.

इन्स्टंट जास्त वीज खातो असं म्हणतात, कारण त्यावर ३००० वॉट लिहिलेलं असतं. तो जोरात ओढतो, पण थोडा वेळ. मिनिटाला पावणेतीन लिटर ४० अंशांचं पाणी देतो, बादली साडेसात मिनिटांत भरते, आणि मीटरवर तेच ०.४ युनिट पडतं. एकट्या माणसासाठी हाच सगळ्यांत काटकसरीचा गीझर आहे, कारण मागे गरम पाणी उरत नाही.

साठवणीच्या १५ लिटरच्या गीझरचं तसं नाही. त्यात १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत गेलं की ०.६३ युनिट संपलं. त्यात थंड मिसळून ४० अंशांचं जवळजवळ ३४ लिटर पाणी होतं. एकट्याने २० लिटर वापरलं तर उरलेलं रात्रीपर्यंत टाकीतच निवतं. म्हणून एकट्याने तो लावायचा तर एकोणीस-वीस मिनिटं पूर्ण तापू देऊ नका, बारा मिनिटांत बंद करा. आणि आंघोळीला बसण्याआधी बंद करा, नाहीतर तुम्ही पाणी घेत असता तेव्हा आत येणारं थंड पाणी तो तापवत राहतो. आमच्या घरात गेली सहा वर्षं एवढ्या एका सवयीवर बिल आटोक्यात आहे.

*दोघं किंवा तिघं, एकापाठोपाठ आंघोळ करणारे.* इथे साठवणीचा १५ लिटरचा चांगला. उरलेलं पाणी पुढच्याच्या कामी येतं. स्टारचं काय? गीझरवरचे स्टार म्हणजे चोवीस तास पाणी गरम धरून ठेवताना किती वीज वाया जाते त्याचं माप. दिवसभर चालू ठेवणाऱ्या घराला ते महत्त्वाचे. तुम्ही पंधरा-वीस मिनिटं चालवून बंद करणार असाल तर दोन स्टारच्या फरकासाठी दीड-दोन हजार जास्त देण्यात अर्थ नाही. ते पैसे चांगल्या वायरिंगला द्या.

*चौघं आणि त्याहून जास्त, आणि वीज दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात.* इथे गॅस गीझरचा विचार करायला हरकत नाही. महिन्याला १२० बादल्या धरल्या तर विजेवर ४८ युनिट, दुसऱ्या टप्प्यात ६४० रुपये. पाइपच्या गॅसवर २८०-३००. महिन्याला साडेतीनशे वाचतात. पण एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीतून पाणी आपोआप कोमट येतं, पावसात थंडीइतकं तापवावं लागत नाही. वर्षाला हिशोबाचे सात-आठ महिने धरा, म्हणजे अडीच हजार. गीझर, फिटिंग, गॅसचा वेगळा पॉइंट मिळून खर्च याच्या दुपटीहून वर जातो. म्हणजे अकरा महिन्यांत वसूल होत नाही. दोन-तीन वर्षं राहायचं पक्कं असेल, मालक तयार असेल, तरच.

गॅस गीझर बाथरूममध्ये कधीच नको

यावर मी दोन शब्द जास्त खर्च करणार आहे. गॅस जळताना ऑक्सिजन खातो, आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस आतून कडी न काढता खाली बसतो. आपल्याकडच्या इमारतींत बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. कबुतरं येऊ नयेत म्हणून तिच्या झडपांवर लोक ॲक्रिलिकचा पत्रा ठोकतात, कुणी प्लास्टिक चिकटवतं. अशा बंद डब्यात गॅस गीझर म्हणजे जिवाशी खेळ. भाड्याच्या घरात तो आधीच तसा लावलेला मिळाला तर वापरू नका, मालकाला सांगून हलवून घ्या, तोपर्यंत पातेल्यावर आंघोळ करा.

गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत किंवा ड्राय बाल्कनीत बसवायचा, आणि गरम पाणी पाइपने आत आणायचं. ठाणे-नवी मुंबईत पाइपचा गॅस महानगर गॅसचा. शेगडीच्या नळीला टी लावून घरच्या घरी जोड काढू नका, त्यांच्याकडे पॉइंटसाठी अर्ज करा. जोडणी मालकाच्या नावावर असते, त्यामुळे अर्जाला त्यांची साथ लागेल. सिलिंडरवर चालणारा गीझर पाइपच्या गॅसवर तसाच चालत नाही, दाब वेगळा आणि जेटही वेगळे. जुना घेताना हे विचारून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, वर जातो. म्हणून हवेची वाट खालीही हवी आणि वरही.

सोलर आहे का, विचारा

नव्या इमारतींच्या गच्चीवर सोलरच्या टाक्या असतात. घर दाखवणारा एजंट "सोलर आहे" एवढंच सांगतो. वॉचमनला विचारा, पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत येतं, कुठल्या बाथरूमला येतं, खालच्या मजल्यांपर्यंत गरम पोचतं का. सात वाजता येणारं पाणी सहाच्या लोकलसाठी निघणाऱ्याला उपयोगाचं नाही. पावसाळ्यात त्यावर विसंबू नका. पण थंडीत, नेमक्या गरजेच्या महिन्यांत, ऊन स्वच्छ असतं. तेव्हा ते पाणी खरोखर फुकट आहे. दोन घरांत निवड करायची असेल तर याला वजन द्या.

पाण्याची जात

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी, त्यात क्षार कमी. घोडबंदर रोडच्या काही सोसायट्यांत मात्र टँकर आणि बोअरचं पाणी मिसळतं. बादलीच्या कडेला पांढरा थर दिसतो ना, तोच गीझरच्या कॉइलवर बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, कॉइल लवकर जाते. असं पाणी असेल तर वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्या, आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) ६० ऐवजी ५० अंशांना ठेवा, थर कमी बसतो.

मीटरवर खात्री करून घ्या

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी imp म्हणजे एका युनिटला किती लुकलुका, तो आकडा असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे. रविवारी दुपारी ही वर, मी खाली मीटर रूममध्ये, फोन कानाला. फ्रिजसकट सगळं बंद करून हिने फक्त गीझर लावला. मिनिटभरात १०६-१०७ लुकलुका मोजल्या, म्हणजे गीझर बरोबर २००० वॉट घेतोय. मग एकोणिसाव्या मिनिटाला दिवा लुकलुकायचा थांबला, थर्मोस्टॅटने तोडलं होतं. सगळं बंद असताना दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा शेजारचं कनेक्शन तुमच्या मीटरवर आहे. भाड्याच्या घरात हे पहिल्याच आठवड्यात तपासलेलं बरं.

मालकाशी काय लिहून घ्यायचं

मालकाचा गीझर असेल तर बिघडल्यावर कॉइल-थर्मोस्टॅटचा खर्च कुणाचा, हे करारात एका ओळीत घ्या. पहिल्या दिवशी गीझरचा, खालच्या नळ्यांचा आणि सॉकेटचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. तुमचा गीझर लावणार असाल तर टाइलला भोक पाडायची परवानगी लेखी हवी. जुन्याच भोकांत बसणारा गीझर मिळाला तर उत्तम, अंतर मापून दुकानात जा.

घर सोडताना आदल्या दिवशी गीझर उतरवा. आधी वीज बंद, मग त्याचा नळ बंद, खालून पाणी काढून टाकी रिकामी करा, नाहीतर पंधरा किलो पाणी खांद्यावर येतं. दोन्ही तोंडांना प्लंबरकडून प्लग मारून घ्या आणि नळ उघडून गळत नाही ना ते बघा. खालच्या घराच्या छताला ओल आली तर डिपॉझिटमधून पहिले पैसे तिथेच कापले जातात.